लिहील त्याची पात्रे

दुसऱ्याच्या कथेतील पात्रे घेऊन आपली कथा रचण्याचा, म्हणजे फॅनफिक्शनचा, नाद आपणांस नुकताच लागला असेल, तर पहिली दोन वर्षे आपण इंदूरच्या रामबागेतील एखाद्या जुन्या वाड्यात नव्याने उतरलेल्या भाडेकरूसारखे वागावे आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी मालकांना विचारावे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ‘पात्रे माझी नाहीत, मला यातून एक पैसाही मिळत नाही’ असे न चुकता लिहावे. नायकाच्या डोळ्यांचा रंग चुकवू नये, कारण फॅनडम, म्हणजे चाहत्यांचा गोतावळा, कोवळे असते तेव्हा वाचक जमाखर्च तपासणाऱ्या कारकुनाच्या नजरेने वाचतो. मूळ मालिका अपुरी असल्यास फारच उत्तम. हॅरी पॉटरचा चौथा भाग २००० साली आला आणि पाचवा २००३ साली. मधल्या तीन वर्षांत चाहत्यांनी पाचवा भाग आपापल्या परीने इतक्यांदा लिहून काढला, की खरा पाचवा भाग कोणाला उपरा वाटला असल्यास नवल नाही.

कथेत स्वतःलाही आणावेसे वाटेल. अवश्य आणावे, पण वेळेत. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली, १९६७ साली चाहत्यांचे ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक निघाले, आणि १९७३ पर्यंत यानावर अवतरणाऱ्या सर्वगुणसंपन्न तरुणींची एवढी गर्दी झाली, की साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू आणि तिच्या मृत्यूने ढसाढसा रडणारे सहकारी यांचे विडंबन एका चाहतीलाच लिहावे लागले. तेव्हा आपल्या हाती साधारण सात वर्षे आहेत असे धरून चालावे.

पुढे साहसाचा कंटाळा येतो. येथून मालकांना न विचारता पोटमाळा काढण्यास हरकत नाही. मेलेल्या पात्रांना प्रथम जिवंत करावे. १८९३ साली मारलेल्या शेरलॉक होम्सला परत आणायला खुद्द कॉनन डॉयल यांना १९०३ साल उजाडावे लागले, आपणांस एक रिकामी दुपार पुरते. मग युद्ध, शाप, राज्य हे सारे काढून टाकून दोघा हाडवैऱ्यांना एका दुकानात नोकरीस लावावे. यासाठी कॉफीचे दुकान वापरण्याचा जगभर रिवाज आहे, परंतु इंदुरात सकाळी सात वाजता पोहे सोडून कॉफीकडे वळणारा नायक कोणालाही पटणार नाही. म्हणून एकाने छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या परिसरात पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरावा, दुसऱ्याने जलेबी तोलावी, आणि बारा प्रकरणांत बोटाला बोट लागण्यापलीकडे काहीही घडू देऊ नये. वाचक रडतात. (मीही रडलो आहे.)

फॅनडम पिकले की कथा सरते आणि कसरत उरते. मग बरोबर शंभर शब्दांची ‘ड्रॅबल’ लिहावी, शंभराला एक शब्द कमी नाही की जास्त नाही. याला पोरखेळ म्हणणाऱ्या काकांना मोरोपंतांची आठवण करून द्यावी: त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे मानतात, आणि त्यांतील निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लावावे लागेल असे अक्षरच नाही. म्हणजे ज्याची कथा, त्याचे ‘राम’ हे नावसुद्धा त्यात बसत नाही! काका गप्प होतील.

एव्हाना माथ्यावरचे ‘पात्रे माझी नाहीत’ आपोआप गळालेले असते. कसेल त्याची जमीन, तसा हा कूळकायदा आहे. त्या जागी ‘मूळ कथेचा शेवट येथे ग्राह्य नाही’ अशी पाटी लावावी, आणि मूळ लेखिकेने वीस वर्षांनी नवा भाग काढलाच, तर तिला पात्रांचा स्वभाव कळलेला नाही असे खेदाने नमूद करावे. आपली स्वतःची कथा एकतिसाव्या प्रकरणावर, ‘पुढील भाग येत्या रविवारी’ या वचनासह, सहा वर्षे थांबलेली असली तरी हा अधिकार बाधित होत नाही.

कधी तरी लोकमान्यनगरातील एखादी दहावीतली मुलगी येऊन विचारील, ‘काका, सुरुवात कुठून करू?’ तिला आपली एकतीस प्रकरणे द्यावीत. मूळ कादंबऱ्यांचा हट्टच धरला, तर तिसऱ्या खंडापर्यंत वाचू द्याव्यात. पुढचे त्या बाईंना नीट जमलेले नाही.