गाळपेरीतला हरभरा

हतनूर धरणावर पक्षी महोत्सव भरवावा की नाही, यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर वाद चाललाय. भुसावळ-जळगावची भावंडं म्हणतात, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातली नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आहे, खान्देशातलं एकही पाणी नाही. महोत्सव झाला तर निदान नाव तरी होईल. धरणकाठचा माझा मामा म्हणतो, "पाखरं तुमची, हरभरा माझा." मी नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात राहतो. महोत्सव मलाही हवाय, पण आधी मामाचं ऐका.

पावसाळा सरला की तापी-पूर्णेचं हे साठलेलं पाणी हळूहळू उतरतं आणि काठचा काळा गाळ उघडा पडतो. त्या ओलीवर हरभरा, गहू, कलिंगडं निघतात. ही गाळपेर. नेमकी तीच उथळ, चिखलाची पट्टी चक्रवाक आणि थापट्या या बदकांनाही हवी असते. हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब तर कोवळ्या पिकातच उतरतो. लहानपणी मी मामाबरोबर थाळी बडवत रात्री काढल्या आहेत. सकाळी दवात पाहावं तर हरभऱ्याचे शेंडे कात्रीने छाटल्यासारखे, मधूनमधून हिरवट विष्ठा. रात्री डोक्यावरून गेलेला तो थवा मला अजून आठवतो, आणि सकाळचं मामाचं तोंडही. त्याच्या वावराचा पंचनामा करायला कधी कुणी आलं नाही.

इथे फ्रीसलँडमध्येही हाच तंटा आहे. आर्क्टिककडून येणारे लाखो रानहंस हिवाळाभर गायींचं गवत खातात. शेतकरी अर्ज करतो, मोजणारा माणूस बांधावर येतो, किती गवत गेलं ते पाहतो आणि प्रांताच्या निधीतून भरपाई मिळते. सगळी नाही, पण मिळते. वसंतात काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचं घरटं दिसलं की दोन्ही बाजूंना काठ्या रोवतात आणि तेवढं गवत न कापता ठेवतात. त्याचेही पैसे मिळतात.

इथलं सगळंच चांगलं आहे असंही नाही. ओली कुरणं कोरडी करून आणि गवत लवकर कापून 1960 च्या दशकाच्या मानाने पाणटिवळे निम्म्याहूनही कमी उरलेत. उन्हाळ्यात हंस मारलेही जातात. तेव्हा इकडचं जसंच्या तसं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणत नाही. नुकसान मोजायला माणूस बांधावर येतो, तेवढं मात्र नक्की घ्यावं.

शिवाय पाखरांना खरी भीती हरभरेवाल्यापासून नाही. मागच्या खेपेला मासेमारीच्या तंगूसच्या, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याच्या, जाळ्यात एक वारकरी पक्षी अडकलेला पाहिला, पायात दोरा रुतलेला. मामानेच विळ्याने एकेक पीळ कापून त्याला सोडवलं.

महोत्सवाचा आराखडा ग्रुपवर आलाय. उद्घाटन आहे, छायाचित्र स्पर्धा आहे, भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. गाळपेरवाले आणि मासेमारी करणारी पोरं कुठेच नाहीत. त्या पोरांना होडीचं आणि वाटाड्याचं काम द्या, पैसे द्या, जुनी तंगूस जाळी त्यांच्याकडून विकत घ्या. तिकिटाच्या पैशातून पिकाच्या नुकसानीचा निधी काढा. माझा वाटा मी आजच पाठवतो. जानेवारीत येतोय, पहिला पंचनामा मामाच्या वावरात करू.