गोल कंस लावले म्हणून टपल होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टपलवर (अनेक किमती क्रमाने एकत्र ठेवणारा, न बदलणारा प्रकार) मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. पहिली, टपल म्हणजे चौकोनी कंसाऐवजी गोल कंस लावलेली, न बदलणारी लिस्ट (किमतींची बदलता येणारी यादी). त्यासाठी एवढा लांब लेख कशाला? दुसरी, ‘टपल बदलत नाही’ असं मी लिहिलं, पण तुमच्याकडे टपलमधली लिस्ट बदलली. तिसरी, टपल वेगवान असतं हे मी सांगितलंच नाही.

दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. माझं वाक्य अपुरं होतं. टपलमध्ये पक्कं असतं ते एवढंच, की कोणत्या जागेवर कोणती वस्तू आहे. ती वस्तू स्वतः बदलणारी असेल तर टपल तिला अडवत नाही. हे करून बघा (अंक मात्र 1, 2, 3 असे इंग्रजी टाइप करा, पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, अंक चालत नाहीत):

नोंद = ('सीताबर्डी', [४, ७])
नोंद[१] += [९]

टाइपएरर (त्या प्रकारच्या वस्तूला ते काम चालत नाही, अशी चूक) येतो. तरीही नोंद छापली तर लिस्टमध्ये ९ येऊन बसलेला दिसतो. += मध्ये दोन कामं असतात: आधी लिस्ट जागच्या जागी वाढते, मग तीच वस्तू नोंद[१] मध्ये परत ठेवली जाते. पहिलं काम पार पडतं, दुसऱ्याला टपल नकार देतं. बाहेरून ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडायची रचना) लावून एरर गिळला असेल, तर काहीच झालं नाही असं समजून कोड पुढे जातो आणि डेटा मात्र बदललेला असतो. += ऐवजी अपेंड (लिस्टच्या शेवटी घटक जोडणारी मेथड) वापरलं तर एरर येत नाही, पण आत लिस्ट असलेलं टपल डिक्शनरीची की (जिच्यावरून किंमत शोधतात ती खूण) म्हणून चालत नाही. हॅश (की शोधण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा) काढताना त्या लिस्टपाशी टाइपएरर येतो. की करायची असेल तर आतही टपलच ठेवा.

वेगाचं थोडक्यात. ६४-बिट सीपायथन (पायथनची नेहमीची अंमलबजावणी) ३.१२ मध्ये रिकामं टपल ४० बाइटचं, रिकामी लिस्ट ५६ ची. फक्त स्थिर किमतींचं टपल कम्पाइल होतानाच बनून राहतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा लिहिलं तरी स्वस्त पडतं. पण लूप फिरवताना किंवा इंडेक्सने वाचताना जाणवण्यासारखा फरक पडत नाही. वेगासाठी टपल निवडू नका.

आता पहिली हरकत. ती मला अजिबात पटत नाही. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरची स्टेशनं ही लिस्ट: सगळे घटक एकाच जातीचे, उद्या एखादं वाढलं तरी बिघडत नाही. एका ठिकाणाची नोंद, म्हणजे नाव, अक्षांश, रेखांश, हे टपल. इथे जागेलाच अर्थ आहे. झिरो माइल साधारण (२१.१५, ७९.०८) वर आहे. हे दोन आकडे उलटे पडले तर? ७९.०८ हा अक्षांशही वैध, कारण मर्यादा ९० ची. एरर येत नाही आणि नकाशावरचा ठिपका थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्ड बेटांपाशी जातो. गुवाहाटीची नोंद असती तर रेखांश ९१ च्या पुढे असल्याने तपासणीत अडकली असती; नागपूरची निसटते. आणि अशी उलटापालट सहज होते: जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, फोलियम या नकाशे काढणाऱ्या लायब्ररीत अक्षांश आधी. म्हणून अशा नोंदीला टायपिंग मॉड्यूलमधला नेमडटपल (प्रत्येक जागेला नाव असलेलं टपल) वापरा आणि ठिकाण.अक्षांश असं नावाने वाचा. नेमडटपल उलगडून, म्हणजे त्यातल्या किमती एकदम वेगवेगळ्या नावांत, घेताना मात्र क्रमच चालतो, नावं बघितली जात नाहीत.

क्रमाचाच आणखी एक फटका. दोन स्टेशनांमधलं भाडं डिक्शनरीत ठेवताना की ('खापरी', 'सीताबर्डी') केली आणि शोधताना सीताबर्डी आधी लिहिलं, तर कीएरर, म्हणजे अशी की सापडत नाही. दोन्ही बाजूंचं भाडं सारखंच धरायचं असेल तर ठेवताना आणि शोधताना दोन्ही वेळी नावं सॉर्टेड या क्रम लावणाऱ्या फंक्शनमधून काढून त्यांचं टपल करा.

राहिला गोल कंस. टपल कंसाने होत नाही, स्वल्पविरामाने होतं. अपवाद फक्त रिकाम्या टपलचा. ('नागपूर') ही नुसती स्ट्रिंग आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एक्झिक्यूटला (क्वेरी चालवणारी मेथड) शहराच्या नावाच्या एका रिकाम्या जागेसाठी ती दिली तर तक्रार येते की हवी होती १ किंमत, आल्या ६. सहा कुठून आल्या? न, ा, ग, प, ू, र: पायथन काना आणि उकारही वेगळे मोजतो. यात खरा धोका चाचणीत आहे. 'अ' असं एकाक्षरी नाव देऊन तपासलं तर सगळं सुरळीत चालतं, आणि खरं नाव आलं की कोड पडतो. ('नागपूर',) लिहा.

मूळ लेखातलं ते वाक्य आता असं केलं आहे: ‘टपलमधल्या जागा बदलत नाहीत, जागेवरची वस्तू बदलू शकते.’