बॅटरीत १५० अँपिअर ‘असतात’ म्हणे!

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा ‘सर्वांना पाठवा’ असं बजावून. मजकूर थोडक्यात असा: घरच्या प्लगमध्ये फक्त ५ अँपिअर असतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीत १५०. माणूस करंटने मरतो, व्होल्टेजने नाही; म्हणून बॅटरीला बोट लागलं तरी खेळ खल्लास. ६५ वॉटचा चार्जर फोनमध्ये जबरदस्तीने करंट ढकलतो. एमसीबी (बोर्डातला, करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका) असेल तर शॉकची भीती नाही. आणि प्लगची तिसरी जाड पिन नुसती आधाराला असते, बसत नसेल तर कापा.

आधी ते १५०. बॅटरीवर नीट वाचा, १५० ‘एएच’ लिहिलेलं असतं, म्हणजे अँपिअर-तास. तो साठा झाला, धार नव्हे. गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची आहे म्हणून बेसिनचा नळ सोडल्यावर १०,००० लिटर अंगावर येत नाहीत. धार किती, ते दाब आणि वाटेतला अडथळा ठरवतात: व्होल्टेज भागिले रोध. ओहमने १८२७ साली मांडलेला हा हिशेब शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलाय.

आता तो माणसाला लावा. कोरड्या हातांचा रोध १०,००० ओहम धरू. १२ व्होल्टच्या बॅटरीतून वाहतील १.२ मिलिअँपिअर (मिलि म्हणजे हजारावा भाग), जाणवणारही नाहीत. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. तेव्हा भिंतीतल्या २३० व्होल्टचे होतात २३० मिलिअँपिअर. घरच्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेचे शंभरेक मिलिअँपिअर छातीतून गेले तरी हृदय बंद पडू शकतं. प्लगवरचा ५ चा आकडा त्याची सोसण्याची मर्यादा आहे, आत भरलेला माल नाही.

‘करंट मारतो, व्होल्टेज नाही’ हे म्हणजे मुठेवरचा भिडे पूल पाण्यामुळे बुडतो, खडकवासला धरणाच्या विसर्गामुळे नाही, असं म्हणणं झालं. एवढं खरं, की थंडीत स्वेटर काढताना तडतडतं ते हजारो व्होल्ट असतात आणि आपल्याला काही होत नाही. पण तिथे साठलेला विद्युतभार इतका नगण्य असतो, की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. महावितरणची वीज तशी संपत नाही.

पटत नसेल तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जा. एक लाल एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा छोटा तुकडा) घ्या, पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांचा. (तपकीर गल्लीत तपकिरी पट्टा, हा विनोद मी शिकवणीच्या मुलांवर दरवर्षी करतो आणि दरवर्षी कोणी हसत नाही.) तिन्ही एकापुढे एक जोडा, एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक (+) टोकाकडे. एलईडी स्वतःकडे साधारण २ व्होल्ट ठेवते, उरले ७. करंट मोजायचा मल्टिमीटर त्याच साखळीत घातला की १५ मिलिअँपिअरच्या आसपास दिसतात. आता तपकिरीऐवजी शेवटी लाल पट्टा असलेला, ४,७०० ओहमचा लावा. उजेड मिणमिणता, करंट दहावा हिस्सा. बॅटरी मात्र तीच!

बॅटरीची भीती अगदीच निराधार नाही, फक्त मेसेजमध्ये दिलेलं कारण चुकीचं आहे. नट आवळताना लोखंडी पाना दोन्ही टोकांवर आडवा पडला तर वाटेत अडथळाच उरत नाही. शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लालभडक होतो. अंगठी, बांगडी काढून ठेवायची ती यासाठी. शिवाय इन्व्हर्टरमधून घरात जाते ती वीज २३० व्होल्टचीच, हे मेसेजवाला विसरला.

चार्जरचं एका वाक्यात: यूएसबी-सी चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, जास्त हवे असतील तर फोन मागतो, आणि ६५ वॉट ही त्याची ऐपत आहे, सक्ती नाही.

खरा राग येतो तो शेवटच्या दोन मुद्द्यांचा. एमसीबी वायरिंग वाचवते. १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्यातून जाणारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे तिच्या आकड्याचा सत्तरावा हिस्सा, कळतही नाहीत. ते ओळखते आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, हे ती बघत बसते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत ट्रिप होते.

आणि ती जाड पिन अर्थिंगची, मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतं. गिझरच्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली, तर करंट अर्थिंगच्या वायरीतून एवढा धावतो की एमसीबी पडते. पिन कापलेली असेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो, आणि खाली ओल्या फरशीवर तुम्ही उभे.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर मेसेज पाठवणाऱ्या काकांचा फोन आला. ‘‘ते आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं म्हणतोस, ते आमच्याकडे सापडत नाही रे.’’ वर जाऊन पाहिलं. बोर्डात ओळीने आठ एमसीबी होत्या. आरसीसीबी नव्हतीच.