ओहोटीला दाखवायचा प्लॉट

वडिलांनी लावलेली दीडशे हापूसची कलमं तुमच्या वाट्याला आली आणि तुम्ही अजून त्यांचे आंबेच काढताय, हे ऐकून वाईट वाटलं. थंडी पडली तर मोहोर, मोहोर आला तर तुडतुडे, तुडतुडे आटोपले की फुलकिडे, आणि सगळं निभावलं तर मार्चात अवकाळी. वाशीच्या बाजारातून दलालाची हिशेबाची पट्टी येते त्यातून फवारणी, राखण, खोके, पेंढा, हमाली वजा जाता जे उरतं ते बायकोलाही सांगवत नाही. अशाने माणूस श्रीमंत होत नसतो. श्रीमंत व्हायचं तर अमेरिकेकडून शिकावं, तेही १९२० च्या दशकातल्या. त्या देशाने आठ वर्षं वर चढून दाखवलं आणि तीन वर्षांत खाली येऊन दाखवलं. आपण निदान चढण्याचा भाग तरी उचलू.

सुरुवात जमिनीपासून करा, पण जमीन घेऊ नका. १९२५ साली फ्लोरिडात शहाणी माणसं जमीन घेत नसत. किमतीच्या दहा टक्के भरून हक्काची चिठ्ठी घेत, आणि पुढचा हप्ता द्यायची वेळ यायच्या आत ती चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारत. आपल्याकडे याला टोकन म्हणतात. चिठ्ठी हातोहात फिरे. प्लॉट कुठे आहे हे पहिल्याला धड माहीत नसे, आठव्याला विचारायचंही सुचत नसे. बोस्टनमध्ये पोस्टाच्या कुपनांवर लोकांना गंडवून तुरुंगात जाऊन आलेले चार्ल्स पाँझीही या सत्कार्यात उतरले. त्यांचे प्लॉट ‘जॅक्सनव्हिलजवळ’ होते. जवळ म्हणजे शंभर किलोमीटर. आपण रत्नागिरी शहरालगत म्हणून चिपळूणपलीकडचा डोंगर दाखवावा, तसं.

तिथे दलदल विकली गेली, तर आपलं खाजण, भरतीचं खारं पाणी शिरतं ती जमीन, काय वाईट आहे? फक्त एक पथ्य पाळा. गिऱ्हाइकाला प्लॉट ओहोटीला दाखवायचा. कॅलेंडरात तिथी बघून बोलवा, जेवायला सुरमई घाला आणि भरती चढायच्या आत गाडीत बसवून द्या. गिऱ्हाईक पुण्याचं असेल तर शेतकरी असल्याचा दाखला ते कुठून तरी घेऊनच येतं. सीआरझेडबद्दल, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांबद्दल, विचारलंच, तर ‘होऊन जाईल’ म्हणा. या दोन शब्दांवर कोकणात बंगले उभे आहेत.

वादळाची भीती बाळगू नका. फ्लोरिडातला भाव १९२६ च्या सुरुवातीपासूनच बसायला लागला होता, सप्टेंबरात चक्रीवादळाने मायामी झोडपून काढली एवढंच. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माणसांची नारळी-पोफळीची उभी आगरं आडवी झाली. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात. बाहेरच्यांना मात्र पुढच्याच हंगामात ‘मोकळी, सपाट जागा’ दिसायला लागली. मायामीत हात पोळलेला देशही असाच शहाणा झाला आणि शेअर बाजारात गेला.

शेअर बाजार समजावून सांगायची गरज तुम्हाला नाही, कारण तुम्ही दलालाकडून आगाऊ घेता. गणपती झाले की त्याचा माणूस येतो, कलमाला अजून पालवी फुटतेय तोवर रक्कम हातात ठेवतो, तुम्ही मुलाला बाइक घेता. मार्चात पाऊस पडतो. बाइक राहते, आंबा जातो, देणं राहतं. वॉल स्ट्रीटवरही तेच होतं. शंभराचा शेअर घ्यायला पदरचे दहा-वीस पुरत, बाकीचे दलाल कर्जाऊ देई. १९२९ च्या शरदात ही अशी कर्जं साडेआठ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. फरक इतकाच की आपला दलाल पुढल्या हंगामापर्यंत थांबतो, त्याला पुढच्या वर्षीही तुमच्या पेट्या हव्या असतात. तिथला थांबत नसे. भाव दहाने उतरला की निरोप येई, आणखी पैसे टाका, नाहीतर तुमचे शेअर विकतो. तो विकायचा, त्याने भाव आणखी उतरायचा, की शेजाऱ्याला निरोप जायचा. एका माणसाचं बुडणं हेच दुसऱ्याच्या बुडण्याचं कारण! इतकं एकोप्याचं वातावरण आपल्या भावकीत कधी दिसलं नाही.

मोठ्यांचा सल्ला मात्र घेत जा. जनरल मोटर्समध्ये पैसा केलेल्या जॉन रॅस्कॉब यांनी १९२९ च्या ऑगस्टमध्ये बायकांच्या मासिकात सांगितलं की महिना १५ डॉलर चांगल्या शेअरांत टाका, वीस वर्षांत ८० हजार होतील. हर्बर्ट हूव्हर त्याआधीच, १९२८ मध्ये, म्हणून गेले होते की दारिद्र्यावरचा शेवटचा विजय अमेरिकेइतका जवळ आजवर कुठल्याच देशाच्या आला नव्हता. याच भरवशावर ते राष्ट्राध्यक्ष झाले. आणि येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९२९ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं की शेअरांचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेले दिसतात. पठाराला आपण सडा म्हणतो. सड्यावरून समुद्र फार छान दिसतो, आणि सड्याला एक कडा असतो. फिशर गुरं राखायला सड्यावर कधी गेले नसावेत.

मग बाजार कोसळला. २४ ऑक्टोबरचा गुरुवार झाला, २९ ऑक्टोबरचा मंगळवार झाला. त्या मंगळवारी १ कोटी ६० लाखांहून जास्त शेअर विकले गेले. सप्टेंबरात ३८१ वर असलेला डाऊ जोन्स, म्हणजे बड्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक, १९३२ च्या जुलैत ४१ वर आला, म्हणजे शंभराचे अकरा. पुन्हा ३८१ दिसायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला.

खरं दुखणं बाजाराच्या आधीपासूनचं होतं, पण तेजीत असलं अमंगळ कुणी बोलू नये. शेतकरी १९२० पासूनच पडेल भावाने मेटाकुटीला आलेला होता. कारखान्यातला माल मजुरीपेक्षा भरभर वाढत होता, म्हणून गाड्या, रेडिओ, शिवणयंत्रं सगळं हप्त्यावर जात होतं. म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक या वर्षीच खाऊन झालं होतं.

मंदी आली की काय करायचं, हेही त्यांच्याकडून शिका. आधी काहीच करायचं नाही. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांचं मत, हूव्हर यांच्याच आठवणीनुसार, असं होतं की बुडणाऱ्याला बुडू द्यावं, व्यवस्थेतली घाण निघून जाईल. मग नको तेच करायचं. हजारावर अर्थतज्ज्ञ नको नको म्हणत असताना १९३० मध्ये आयातीवर जबर जकात बसवली. इतर देशांनी तशीच उलट बसवली आणि सगळ्यांचाच व्यापार मेला. नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. १९३३ पर्यंत चारातला एक कामकरी बेकार होता. पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्त्यांना लोक ‘हूव्हरव्हिल’ म्हणत आणि उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे ‘हूव्हरचा झेंडा’. नेत्याचं नाव वस्तीला द्यायची प्रथा आपणच काढली, असं समजून छाती फुगवू नका.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याशी आपला काय संबंध? तुमच्या पणजीला विचारायला हवं होतं. भाताचा भाव कोसळला, पण सारा आणि सावकाराचं व्याज रुपयांतच राहिलं, ते उतरलं नाही. त्यात १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली, आणि सोन्याचा भाव चढला. मग हिंदुस्थानभरच्या खेड्यांतल्या पाटल्या, बिलवर, पुतळ्या सोनाराच्या मुशीत जाऊन मुंबईच्या धक्क्यावरून बोटीने विलायतेला निघाल्या. अर्थशास्त्रात याला ‘अडचणीतलं सोनं’ असं नाव आहे. आता आपण सोनं मोडत नाही, तारण ठेवतो. प्रगती आहे.

सुधारणेची घाई नको, कारण तिचा फार त्रास होतो. नवे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला आले आणि दोन दिवसांत देशातल्या सगळ्या बँकांना कुलूप लावलं. १२ तारखेला रेडिओवरून लोकांना बँक कशी चालते ते साध्या भाषेत सांगितलं, आणि गादीत दडवलेले पैसे घेऊन लोक परत रांगेत उभे राहिले. पुढे अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा आला, १९३५ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आली. शेअर बाजारावर १९३४ मध्ये नियामक बसवला आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षपदी जोसेफ केनेडी, म्हणजे बाजारात मुरलेला सट्टेबाज. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे तिकडेही कळतं. सिनेटच्या चौकशीत फर्डिनांड पेकोरा या वकिलाने खुद्द बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांना बोलतं केलं, तेव्हा १९३१ आणि १९३२ मध्ये त्यांनी एक पैचाही प्राप्तिकर भरला नसल्याचं बाहेर आलं. सगळं कायद्यात बसवून, अर्थात.

बेकार पोरांना रानात पाठवून त्यांच्याकडून सुमारे तीन अब्ज झाडं लावून घेतली. इथे थोडी अडचण आहे. तुमच्या त्या दीडशे कलमांचा इतिहास मला माहीत आहे. १९९० मध्ये आपल्या सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, तेव्हा कातळाला सुरुंग लावून ते खड्डे पाडले होते. कलमं, खत, मजुरी सगळं योजनेतलं. म्हणजे तुम्ही गहाण टाकणार ती बाग ही कुणाची तरी सुधारणाच आहे. हे गहाणखतात लिहायची गरज नाही.

बँकांना सट्ट्यापासून लांब ठेवणारा १९३३ चा अमेरिकन कायदा १९९९ मध्ये बराचसा मोडीत काढला. नऊ वर्षांनी २००८ चं बँकांचं संकट आलं. याच १९९९ मध्ये गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीची वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, आणि त्याच डिसेंबरात ह्यूस्टनला कंपनीने दिवाळं काढलं. कोकणही काही मागे नाही.

तेव्हा उशीर करू नका. बाग गहाण टाका, आलेल्या पैशात खाजणातल्या चार प्लॉटांची टोकनं घ्या. राहता राहिली सात-बारावरची सतरा नावं. सोळा जण डोंबिवली-विरारला असतात, फोनवर हो म्हणतील. सतरावी काकी, ती घरातच असते. पहिले दोन उन्हाळे तिने त्या कलमांना विहिरीवरून कळशीने पाणी घातलेलं आहे. एजंट आला की तिला माजघरात ठेवा, ओटीवर येऊ देऊ नका.

पण ती येणारच. नकाशा उलटा धरून बघेल आणि विचारेल, “होळीनंतर पाणी कुठलं हो इथं?”

एजंट म्हणेल, “टँकर येतो ना, काकी.”

“मग टोकन टँकरवाल्यालाच द्या की!”

आणि एजंट रेंज मिळत नाही म्हणून मोबाइल वर धरत गडग्यापलीकडे जाईल.