पोलिसांच्या चुकीचं बिल किती, हे कुणी मोजलंय का?

आज माहिती अधिकारातलं एक उत्तर वाचलं आणि डोकंच फिरलं. प्रश्न साधा होता: बेकायदा अटक, मारहाण, कोठडीमृत्यू यांपोटी कोर्टाने ठरवलेली भरपाई किती दिली? उत्तर एका ओळीचं: "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." म्हणजे बिल निघालं, कोषागाराने पास केलं, पैसे गेले, फक्त बेरीज कुणी केली नाही!

न्यूयॉर्कचा कंट्रोलर, म्हणजे शहराचा हिशोब तपासणारा अधिकारी, दरवर्षी शहरावरच्या दाव्यांचा अहवाल काढतो, पोलिसांमुळे किती गेले ते त्यात वेगळं दिसतं. आपले पोलीस महापालिकेचे नाहीत, राज्याचे. त्यामुळे नागपुरातल्या चुकीचा खर्च गृह विभागाच्या आकड्यांत मिसळून जातो. आणि खरी मेख पुढेच आहे. कोर्टाच्या आदेशाची रक्कम अनुच्छेद 202 प्रमाणे 'भारित' खर्च, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. हिवाळ्यात अख्खं सरकार सिव्हिल लाइन्सला येऊन बसतं, पुरवणी मागण्या मंजूर करून घेतं, पण या रकमेवर आमदाराचं मत कुणी मागत नाही. चर्चा करता येते. पण करतो कोण?

तर राजेहो, हिशोब आपणच मांडायचा. "एकूण किती दिले" असं विचारूच नका. नसलेली माहिती तयार करून देणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलंय, म्हणून तर ती "संकलित नाही"ची ओळ त्यांना पुरते. कागद मागा. भरपाई मंजुरीचे शासन निर्णय, बिल रजिस्टरची पानं, प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, हायकोर्टाच्या रजिस्ट्रीत म्हणजे कार्यालयात रक्कम भरल्याची पावती. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. हे चुकलं की तेवढ्यावरच अर्ज अडू शकतो. नावं वैयक्तिक आहेत म्हणाले तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 दाखवा: नावं झाका, आकडे द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

दुसरीकडून नागपूर खंडपीठाच्या फौजदारी रिट याचिकांचे आदेश काढा. प्रतिवादी "महाराष्ट्र राज्य, थ्रू पीएसओ" (पोलीस स्टेशन ऑफिसर) आणि पुढे ठाण्याचं नाव असं लिहिलेलं असतं. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा, एकट्या सीताबर्डीचंच एकसारखं सापडत नाही.

बेरीज करताना घोळ होतो तो असा. पोलीस व्हॅनच्या अपघाताची भरपाई यात मिसळते, ती वेगळी काढा. अंतरिम रक्कम अंतिम रकमेत धरलेली असेल तर दोनदा मोजली जाते. एकाच मृत्यूबद्दल मानवी हक्क आयोगाची शिफारस आणि हायकोर्टाचा आदेश असं दोन्ही असू शकतं. आदेश एका आर्थिक वर्षात आणि पैसे दुसऱ्या वर्षात, म्हणून दोन्ही तारखा लिहा, व्याजाला वेगळा रकाना ठेवा. आणि रजिस्ट्रीत जमा म्हणजे घरच्यांच्या हातात पडले असं नाही. राज्य अपिलात गेलं की पैसे तिथेच अडकू शकतात.

त्या घरांचा विचार आला की राग ओसरतो, नुसतं वाईट वाटत राहतं. 1993 मध्ये नीलाबती बेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलगा पोलीस कोठडीत गमावलेल्या एका आईला दीड लाख रुपये मिळवून दिले. त्याच वर्षी आपल्या नागपुरात एक माणूस पोलीस कोठडीत मेला. त्या पोलिसांची शिक्षा 3 वर्षांवरून 7 वर्षांवर गेली ती 2018 मध्ये. पंचवीस वर्षं!

बारा-बारा तास बंदोबस्त करणारे प्रामाणिक पोलीस आहेत, मान्य. हिशोब ठाणेनिहाय मांडला तर त्यांचं ठाणं कोरं दिसेल, त्यांच्याच भल्याचं आहे ते.

आता वसुली. "दोषींकडून वसूल करा" असं काही आदेशांत स्पष्ट लिहिलेलं असतं. पण 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 वाचा: कर्मचारी निवृत्त झाला की 4 वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी नवी विभागीय चौकशी सुरूच करता येत नाही, मग वसुली कसली? फाइल नुसती लोळत ठेवली की काम झालं, भुर्दंड आपल्या करातून! म्हणून शेवटचा रकाना वसुलीचाच ठेवा. रक्कम विचारू नका, "संकलित नाही" येईल. वसूल रक्कम सरकारजमा केल्याच्या चलनाची प्रत मागा, आणि चलन नसेल तर चौकशी सुरू केल्याच्या आदेशाची तारीख. ती तारीख घेऊन आपल्या आमदाराकडे अधिवेशनाच्या पुरेसं आधी जा, तारांकित प्रश्नाची मुदत आधीच संपते.