मावळ्यांचा पगार

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. मावळ्यांना रोख पगार होता, असं एका भाच्याने लिहिलं, आणि ‘म्हणजे ते पैशासाठी लढले का?’ म्हणत सगळे त्याच्यावर तुटून पडले. मला भाच्याची बाजू घ्यायची आहे.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथे मार्बलहेड नावाचं मच्छीमारांचं जुनं गाव आहे. 1775 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने न्यू इंग्लंडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि गावाच्या पोटावरच पाय आला. गावची मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचीच सशस्त्र तुकडी, जॉन ग्लोव्हरच्या हाताखाली ब्रिटिशांशी लढणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत गेली. गोरे होते, काळे होते, मूळनिवासीही होते. ऑगस्ट 1776 मध्ये न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनला ही फौज कोंडीत सापडली, तेव्हा या दर्यावर्दींनी इतर खलाशांच्या साथीने एका रात्रीत सुमारे 9,000 माणसं ईस्ट नदीपार काढली. वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी, काळोख, सगळ्याशी झुंजत रात्रभर खेपा चालल्या. पहाट झाली तरी माणसं उरलीच होती. त्यांना धुक्याने झाकलं. त्याच वर्षी नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या डेलावेअर नदीतून यांनीच 2,400 सैनिक आणि 18 तोफा पार नेल्या. सकाळी शत्रूच्या ताब्यातलं ट्रेंटन गाव पडलं.

आणि आठवड्याभरात, भरतीची मुदत संपताच, यातले बहुतेक घरी गेले. घरी खाणारी तोंडं होती. कित्येकजण खासगी लढाऊ जहाजांवर चढले, कारण तिथे पकडलेल्या मालात वाटा मिळे. हे इथे कुणी लपवत नाही. राज्याने क्रांतियुद्धातल्या आपल्या सैनिकांची यादी 17 खंडांत छापली: नाव, गाव, हुद्दा, नोकरीचा काळ. ग्लोव्हरचा पुतळा बॉस्टनमध्ये मानाने उभा आहे.

आपले मावळेही शेतकरीच. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, पावसाळ्याच्या तोंडाला घरी परतायचं. महाराजांनी वतनाऐवजी रोख पगारावर भर दिला, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. त्यात कमीपणा कसला? पोटाची काळजी असूनही जो गड चढला, त्याचं शौर्य मला जास्त मोठं वाटतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) वाचायचे पडले आहेत. ते पुढच्या काळातले, पण साध्या शिपायांची नावं आणि रोजमुरे, म्हणजे पगार, असल्याच कागदांत सापडतात. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. भाच्याने तिथे नाव घालावं. त्याची फी मी भरेन.