घण, ग्रीस आणि चावी : बोट चालवणाऱ्या एका तांडेलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार तांडेल,

मासेमारी बोटीचा पंखा (प्रोपेलर) काढण्या-बसवण्यावरच्या माझ्या लेखावर राग काढलात, पण मुद्द्याला धरून काढलात, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पंखा घणाच्या दोन घावांत निघतो, त्यासाठी पुलर (पंखा ओढून काढायचं साधन) बनवून घ्या म्हणणं हे पुस्तकी शहाणपण, टेपरला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं, म्हणजे शाफ्टचं, निमुळतं टोक) ग्रीस नको हे चूक, आणि पंखा धरून ठेवणाऱ्या दोन नटांचा क्रम मी उलटा लिहिला. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंत की बसवल्यावर बोट जरा थरथरते, पण ते चालायचंच.

आधी नट. तिथे तुम्ही बरोबर, माझं चुकलं. जाड नट आत आणि पातळ नट बाहेर असं मी लिहिलं होतं. खरं तर पातळ आधी, जाड नंतर. बाहेरचा नट आवळला की तो आतल्याला पंख्याकडे रेटतो, आतल्याच्या आट्यांवरचा ताण सुटतो आणि सगळा भार बाहेरच्यावर येतो. मग भार घेणाराच जाड हवा. लेखात दुरुस्ती केली आहे. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन मात्र दर वेळी नवीन घाला, जुनी सरळ करून परत नको.

घणाच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. मागून पात्यावर मारलं तर पातं वाकतं, हे तुम्ही मला सांगायला नको. पण पुढून, म्हणजे बोटीच्या बाजूने, बॉसवर (पंख्याच्या मधल्या जाड भागावर) मारला तरी पंखा घट्ट असेल तर तो धक्का शाफ्टवरून थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जातो. त्या दिवशी काही दिसत नाही, दिसतं ते दिवाळीनंतर. पुलर म्हणजे तरी काय? दोन जाड पट्ट्या, दोन लांब बोल्ट. एक पट्टी बॉसच्या पुढच्या बाजूने, दुसरी शाफ्टच्या टोकावर. कुठलाही लेथवाला करून देतो. दोन्ही बोल्ट सारखे ताणायचे, मग बॉसच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने ठोकायचं. टण्ण करून पंखा सुटतो. म्हणजे हातोडा आहेच, फक्त ओढण्याचं काम त्याचं नाही. नट पूर्ण काढू नका, दोन-चार आट्यांवर राहू द्या, नाहीतर पंखा सुटून पायावर येईल.

गॅसने तापवण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण किनाऱ्यावर सर्रास चालतं म्हणून सांगतो. माझ्या काकांच्या ट्रॉलरवर एका मेकॅनिकने बॉस असाच तापवला. पंखा निघाला, शाबासकी मिळाली. शेजारच्या रबर बेअरिंगचं काय झालं ते बोट पाण्यात गेल्यावर कळलं.

आता ग्रीस. यात पंखे बनवणाऱ्यांचंही एकमत नाही. काहीजण कोरडा बसवा म्हणतात, काही हलका हात लावू देतात. तुमच्या पंख्याबरोबर कागद आला असेल तर त्यावर जे असेल ते करा. माझा आक्षेप बोटाने थापलेल्या जाड थराला आहे. तो आत अडकतो आणि पंखा बसला की नाही याचा अंदाज चुकवतो. पुसून घेतलेलं पातळ तेल चालेल.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती लेखात मी नीट मांडली नाही. पंख्याला मुख्यतः फिरवतो तो टेपर. बॉस आणि शाफ्ट एकमेकांना घट्ट धरतात ती पकड. चावी, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा, मदतीला असते. चावी उंच असेल तर बॉस तिच्यावर चढून थांबतो. नट आवळताना हाताला घट्ट लागतं, पण टेपर सुटाच राहतो. १:१० टेपरवर बॉस २ मिलिमीटर मागे राहिला तर व्यासात ०.२ मिलिमीटरची फट राहते. मग सगळा जोर चावीवर, आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून शाफ्टला चीर जायला सुरुवात.

म्हणून थरथरीचं 'चालायचंच' मला पटत नाही. वाकलेलं पातं किंवा कपलिंगची (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाची) लाईन गेली असणं, तेही कारण असू शकतं. पण सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा. पावसाळी मासेमारी बंदीत बोट पाण्याबाहेर असतेच. चावी काढून पंखा नुसता चढवा, दाबून बसवा, बॉसच्या पुढच्या कडेला शाफ्टवर पेन्सिलने रेघ मारा. मग चावी घालून परत चढवा. बॉस रेघेपर्यंत पोचला नाही तर चावीची वरची बाजू कानशीने थोडी उतरवा. बॉसला हात लावू नका. मार्किंग ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) मिळाला तर टेपरला पुसटसा फासून बघा, जाड टोकाकडे तरी बॉसमध्ये पूर्ण कडं उमटलं पाहिजे.

रेघ किती मिलिमीटरने चुकली ते इथेच लिहा. आणि पंख्याचे फोटो टाकाल तर खाचेचा एक जवळून घ्या.